‘स्नॅच’ : हक्काचा प्रश्न उघडा ठेवणारे क्रियापद

झटकन हात घालून एखादी वस्तू घेण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांची वाण नाही. ‘सीझ’, ‘ग्रॅब’, ‘क्लच’ आणि ‘स्नॅच’ ही त्यांतली नेहमीची. शाळेत आपण या सगळ्यांचा अर्थ ‘पकडणे, हिसकावणे’ असा एकाच ओळीत पाठ करतो. इंग्रजी लेखक मात्र ती एकमेकांच्या जागी सहसा वापरत नाहीत. हा फरक कळला नाही तर वाचनात आणि भाषांतरात काय निसटते, ते मुख्यतः ‘स्नॅच’च्या आधारे पाहू.

‘सीझ’ हा कायद्याच्या घरचा शब्द. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि सरंजामी काळात जमिनीच्या रीतसर ताब्याशी जोडला गेला. जमीन देताना घेणाऱ्याच्या हाती मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी ठेवण्याची इंग्लंडात रीत होती. त्या ताब्याचे नाव याच शब्दाच्या कुळातले. म्हणून ‘सीझ’मध्ये जबरदस्ती असली तरी अधिकाराचा वास येतो, आपली ‘जप्ती’ त्याला जवळची. ‘ग्रॅब’मध्ये हाव आहे, जमीन बळकावण्यातली. ‘क्लच’मध्ये घट्ट आवळलेली मूठ आहे आणि बहुधा तिच्यामागे भीती. मॅकबेथला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो तेव्हा शेक्सपिअर त्याच्या तोंडी हेच क्रियापद घालतो. मूठ आवळली जाते, हाती काहीच लागत नाही.

‘स्नॅच’ यांच्याहून वेगळा. तेराव्या शतकापासून इंग्रजीत आढळणारा हा शब्द ‘स्नॅक’चा भाऊबंद मानला जातो. ‘स्नॅक’ म्हणजे आज मधल्या वेळचे खाणे; पण त्याचा जुना अर्थ कुत्र्याने मारलेला लचका. म्हणजे ‘स्नॅच’ची नाळ जनावराच्या जबड्याशी आहे. त्यात वेग आहे, झेप आहे. पण घेणाऱ्याचा हक्क होता की नव्हता, याबद्दल हे क्रियापद स्वतः काही बोलत नाही. साहित्यात त्याचा उपयोग झाला आहे तो नेमका या मौनाचा.

शेक्सपिअरचे ‘किंग जॉन’ घ्या. जॉन गादीवर आहे. पण थोरल्या भावाचा मुलगा आर्थर हयात आहे आणि त्याचाही दावा आहे. पोपचा प्रतिनिधी पँडल्फ फ्रान्सच्या राजपुत्राला समजावतो, की बेबंद हाताने घेतलेला राजदंड तितक्याच दांडगाईने राखावा लागतो, म्हणून जॉन आर्थरला जिवंत ठेवणार नाही. राजदंड घेण्यासाठी त्याने ‘स्नॅच’ हे क्रियापद वापरले आहे. ‘चोरला’ म्हटले असते तर निकाल लागला असता. ‘जिंकला’ म्हटले असते तर उलट निकाल लागला असता. त्या मुत्सद्द्याला निकाल नकोच आहे. पेच तसाच राहण्यात त्याचा लाभ आहे.

अलेक्झांडर पोपने 1711 मध्ये समीक्षेवर लिहिलेल्या दीर्घकाव्यात हेच क्रियापद कवीच्या हाती दिले. नियमांच्या पलीकडे असलेले एखादे सौंदर्य प्रतिभावान कवी नियम मोडून झटकन हस्तगत करतो, असा तिथला आशय. येथे कोणाचे काही गेलेले नाही. तरी परवानगीशिवाय घेतल्याची चुटपुट आणि मौज दोन्ही आहेत. बायरनच्या ‘हिब्रू मेलडीज’ (1815) या संग्रहात ऐन तारुण्यात गेलेल्या स्त्रीवरची एक कविता याच क्रियापदाच्या कर्मणी रूपाने सुरू होते. नेणारा कोण, ते नाव नाही. मृत्यूला हक्क विचारायचा कोणी?

सर्वांत बोलका दाखला मात्र प्रेतांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधल्या शरीरशास्त्राच्या शाळांना विच्छेदनासाठी प्रेते कमी पडत. ताज्या कबरी उकरून ती पुरवणाऱ्यांना लोक ‘बॉडी स्नॅचर’ म्हणू लागले. चोर का म्हटले नाही? कारण इंग्रजी कायद्याने प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हती. त्यामुळे ते नेणे ही चोरी ठरत नव्हती. कफन नेणे मात्र चोरी होती. म्हणून हे लोक कफन कबरीत टाकून प्रेत तेवढे नेत. कायद्याकडे शब्द नव्हता, तो लोकांनी आपल्या भाषेतून दिला. एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी 1828 मध्ये प्रेते विकण्यासाठी माणसेच मारली. पुढे 1832 च्या कायद्याने, कोणी दावा न केलेली प्रेते, म्हणजे मुख्यतः वर्कहाउसांत मेलेल्या गरिबांची, शाळांना मिळू लागली. घेणे थांबले नाही. रीतसर झाल्यावर त्याला ‘स्नॅच’ म्हणणे थांबले.

स्टीव्हन्सनने 1884 मध्ये ‘द बॉडी स्नॅचर’ ही कथा प्रसिद्ध केली ती या पार्श्वभूमीवर. प्रेते स्वीकारून पैसे मोजणारा विद्यार्थी फेट्स प्रश्न विचारत नाही. अखेर एका शेतकऱ्याच्या बायकोचे म्हणून उकरून आणलेले प्रेत दिव्यात पाहावे, तर ते पूर्वीच खून होऊन चिरफाड झालेल्या ग्रे नावाच्या माणसाचे निघते. शीर्षकात मोकळा राहिलेला हक्काचा प्रश्न तिथे अंगावर येतो.

मराठीत आणताना अडचण येते ती इथेच. ‘हिसकावणे’ म्हटले की कोणाच्या तरी हातातून, अन्यायाने, हे ठरूनच जाते. ‘हिरावणे’मध्ये गमावणाऱ्याचे दुःख आधी येते, बायरनला ते चालेल, पोपला नाही. ‘झडप घालणे’ जबड्याच्या जवळ जाते, पण झडप घालून हाती काय लागले ते सांगत नाही. पँडल्फचा राजदंड ‘हिसकावला’ म्हणणारा भाषांतरकार नकळत आर्थरच्या बाजूने साक्ष देतो. तिथे ‘झटक्यात हाती घेतलेला’ असे फिके शब्दच अधिक प्रामाणिक.

आपल्याकडे आता हा शब्द कायद्यातही आला आहे. सोनसाखळी खेचण्यासारख्या गुन्ह्याला 1860 च्या भारतीय दंड संहितेत स्वतंत्र कलम नव्हते. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत ते 304 वे कलम झाले. तिथे ‘स्नॅचिंग’ हा चोरीचाच प्रकार ठरवला आहे, म्हणजे हक्काचा निकाल लावून टाकला आहे. कायद्याला तो लावावाच लागतो. कथाकवितेत मात्र हे क्रियापद भेटले, की कोणाचा हात रिकामा झाला आणि ते लेखकाने का सांगितले नाही, एवढे विचारून मग पुढची ओळ वाचावी.