दारचौकट, भिंत आणि कौल

पेण-रोह्याकडे सुट्टीसाठी बांधलेल्या घरांत पारंपरिक सजावटीची हौस वाढली आहे. दिवाणखान्यात वारली, दाराला जुनी कोरीव चौकट, वर तांबडी कौलं. हौस चांगलीच आहे. पण प्रत्येक गोष्ट मुळात घरात कशासाठी आली, हे विचारून मग ती लावावी.

वारलीचंच घ्या. ही कला पालघर-डहाणूकडची. पेण-रोह्याच्या डोंगरांत वस्ती आहे ती ठाकर-कातकऱ्यांची. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी चौक लिहितात. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची ठेचलेली काडी बुडवून रेघा ओढायच्या. चौकात मधोमध पालघट देवी. पुढे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या निमित्ताशिवाय चित्रं काढायला घेतली, ती कागदा-कापडावर आली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सारवलेली भिंत ते पीठ धरून ठेवते. प्लास्टिक इमल्शनवर त्याचे पोपडे निघतात. म्हणून वारली हवी असेल तर कापडावरची, वारली चित्रकाराकडूनच घ्या. तारपा नाच घ्या, भातलावणी घ्या. पालघट मात्र सोफ्यामागे शोभेला नको.

दाराच्या चौकटीची एक रीत आहे ती इथल्याच बेने इस्रायली ज्यूंची. तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यातही आहेत. आत शिरताना उजव्या चौकटीवर मेझुझा असतो : छोटीशी डबी, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली हिब्रू वचनं. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावतात. पुष्कळ घरांत भिंतीवर अग्निरथातून वर जाणाऱ्या एलियाहू नबींची तसबीरही दिसते. मेझुझा ही श्रद्धेची वस्तू आहे. जुन्या बाजारात मिळाला तरी तो शोकेससाठी आणू नये.

कौलं मात्र बिनधास्त घ्या. मंगळुरी कौलाचा कारखाना बाझल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि आज ते कौल कोकणाचंच झालं आहे. तीव्र उतारावरून पाऊस निथळतो, फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅबवर सिमेंटने चिकटवलं तर हा दुसरा गुण संपतो, वासे-रिपांवर बसवा.

आणि नकाशा काढण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या घरी जाऊन ओटा आणि पडवी मोजून या. सजावटीचा खर्च त्यानंतर ठरवा.