आमच्या नातीचा बालवर्ग

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. त्यांत सर्वांत धाकटी आमची नात. गेल्या ज्येष्ठांत तिला चार वर्षें पुरीं झालीं आणि छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागांतील एका बालमंदिरांत तिचें नांव घातलें. शाळा मराठी, इमारत जुनी, मागच्या अंगणांत एक कडुलिंब. दीड महिना सुखानें गेला. पुढें घरांत कुरबूर सुरू झाली. शेजारच्या घरीं नातीच्याच वयाचा एक मुलगा आहे. तो दुसऱ्या एका शाळेंत जातो आणि आल्यागेल्यासमोर वही उघडून इंग्रजी मुळाक्षरें व शंभरपर्यंत आकडे लिहून दाखवितो. आमच्या नातीला ‘आज काय शिकलीस?’ म्हणून विचारावें, तर ती मोठ्या आनंदानें सांगे, ‘मी ज्वारी ओतली!’

ज्वारी ओतण्यासाठीं का फी भरावयाची, असें आमच्या वडील बंधूंनीं एके रात्रीं पानावरच विचारलें. चिरंजीवांनीं नांव काढण्याचा बेत पक्का केला. सूनबाई गप्प राहिल्या. खरें सांगावयाचें तर या बेतास सर्वांत आधीं दुजोरा दिला तो आम्हींच. छत्तीस वर्षें आम्ही प्राथमिक शाळेंत मास्तर होतों. आमच्या हाताखालचें मूल दिवाळीपूर्वीं मुळाक्षरें गिरवीत नाहीं, असें क्वचितच घडलें असेल. तेव्हां दाखला आणण्याचें कामही आमच्याकडेच आलें.

बाईंनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, ‘गुरुजी, दाखला आजच देतें, पण आपण शिक्षक आहांत. आधीं आठ दिवस वर्गांत बसून पाहा, मग न्या.’ नाहीं म्हणण्यास तोंड राहिलें नाहीं. आठ दिवस म्हणून गेलों तो आठवड्यांतून दोन सकाळीं याप्रमाणें वर्ष संपेपर्यंत जात राहिलों.

प्रथम त्या ज्वारीविषयीं. वर्गाच्या एका कोपऱ्यांत पितळेचें घंगाळ असतें. त्यांत दोन पायली ज्वारी. भोंवतीं लहान तांबे, वाट्या, एक गाळणें. मूल तांब्यानें ज्वारी घेतें आणि वाटींत ओततें. वाटी कांठोकांठ भरली कीं थांबतें. मॅडम मॉन्टेसरी यांच्या पद्धतींत अशाच ओतण्याच्या कामास पाणीही घेतात. परंतु आमच्या शहरांत नळाचें पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानें येण्याची लोकांस वर्षानुवर्षें सवय झालेली. तेथें वीस मुलांनीं रोज पाणी ओतावें हें कोणासच रुचलें नसतें, म्हणून बाईंनीं ज्वारी आणली. हात धुतलेलें पाणी मात्र परातींत सांठवून कडुलिंबास घालतात. तें काम मुलेंच पाळीपाळीनें करतात.

ओततांना दाणे सांडतात. सांडलेला प्रत्येक दाणा ज्यानें सांडला त्यानेंच वेंचावयाचा, हा नियम. पहिले दोन दिवस आम्हांस तो केवळ शिस्तीचा नियम वाटला. तिसऱ्या दिवशीं बाईंनीं आम्हांस खालीं बसविलें व मुलांचे हात पाहण्यास सांगितलें. दाणा उचलतांना अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट, अशीं तीन बोटें एकत्र येतात. हीच पेन्सिलीची पकड! रांगोळीची चिमूट ती हीच, फुलवात वळण्याची तीच, खिरीसाठीं गव्हले वळण्याचीही तीच. आमच्या सौभाग्यवती दरसाल उन्हाळ्यांत गव्हले वळतात. त्यांना आम्हीं हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘मग मी इतकीं वर्षें लिहिण्याचाच सराव करीत होतें म्हणा!’ त्यांचें शिक्षण चौथ्या इयत्तेवर थांबलें, ही गोष्ट येथें नमूद केली पाहिजे.

आपल्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. मूल जन्मतें तेव्हां तीं हाडें नसून नुसती कूर्चा असते. चौथ्या वर्षाच्या सुमारास क्ष-किरणाच्या चित्रांत आठांपैकीं तीन किंवा चारच दिसूं लागतात. सात दिसण्यास साधारण सहावें-सातवें वर्ष उजाडतें, आणि आठवें तर नवव्या वर्षानंतर केव्हां तरी उमटतें. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या ज्या हातांत आम्ही पेन्सिल कोंबीत आलों, त्यांत मनगट पुरतें बनलेलेंही नसतें. पेन्सिल धरतां येत नाहीं म्हणून तें सबंध मूठ आवळतें आणि खांद्यापासून जोर लावतें. अशी पकड एकदां बसली कीं पुढें ती मोडणें फार कठीण पडतें.

हें आम्हांस सहजासहजीं पटलें नाहीं. आमच्याजवळ शास्त्राधार होता. चौलकर्म झाल्यावर राजपुत्रास लिपि व संख्या शिकवावी, असें कौटिल्य सांगतो. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत रघूची अक्षरओळखही चौलानंतरच येते. आणि चौल तर पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षीं सांगितलेलें! हें सर्व आम्हीं बाईंपुढें मांडलें. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘गुरुजी, त्याच्या हातांत बोरू कितव्या वर्षीं दिला, हें त्यांत आहे का?’ तें त्यांत नाहीं. शिवाय अक्षरारंभाचा विधि आम्हीं स्वतः कित्येक घरीं चालविला आहे. त्यांत मूल ताटांतल्या तांदुळांवर बोटानें अक्षर काढतें. जुन्या पंतोजींच्या शाळेंतही आरंभ धूळपाटीवरच होई. शाई आणि बोरू मागाहून. बालमंदिरांत मुलें वाळूच्या तबकांत बोट फिरवितात तें पाहून आम्हीं नाक मुरडलें होतें. आपलीच जुनी रीत परत आलेली आम्हांस ओळखतां आली नाहीं, याची लाज वाटली.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं हें हाडांचें व पकडीचें सविस्तर सांगितलें. आमच्या चिरंजीवांस आम्हीं चवथ्याच वर्षीं पाटीवर बसविलें होतें. रेघ डगमगली कीं त्यांच्या मुठीवर आपली मूठ दाबून अक्षर गिरवून घेत असूं. प्रसंगीं पट्टीही चाले. शाळेंत ते हुशार निघाले. परंतु आजही लेखणी इतकी दाबून धरतात कीं कागदाच्या पाठीवर अक्षर उमटतें, आणि सहीपलीकडे हातानें कांहीं लिहिण्याचा त्यांस मनापासून कंटाळा. आमचें बोलणें संपल्यावर त्यांनीं उजव्या हाताचें मधलें बोट एकदां पाहिलें. त्यावर लहानपणापासूनचा घट्टा आहे. ‘नाना,’ ते म्हणाले, ‘हें तेव्हां तुम्हांला कोणी कां सांगितलें नाहीं?’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दाखल्याची गोष्ट पुन्हां त्यांनीं काढली नाहीं.

सांगणारे नव्हते असें नाहीं. जर्मनींत फ्रोबेलनें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘मुलांची बाग’ अशा अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. १९०७ सालीं रोमच्या एका गरीब वस्तींत मॉन्टेसरीबाईंनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. इकडे भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं वकिली सोडून १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक या नूतन बाल शिक्षण संघाच्या आधारस्तंभ. हा संघ १९२६ सालीं निघाला. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साह्यानें, जें काम केलें तें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. परदेशी साधनें महाग; म्हणून त्यांनीं शिंपले, गोटे, बिया, पानें हींच साधनें केलीं. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळा मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशभर सुरू झालेल्या सरकारी योजनेनें तो खेड्यापाड्यांत पोंचविला. परंतु त्याची कल्पना त्या टेकडीवरची. आमच्या मराठवाड्यांत १९४८ पर्यंत निजामाचा अंमल आणि उर्दूचें राज्य. १९१५ सालीं निघालेल्या सरस्वती भुवनासारख्या संस्थांनीं मराठी मुलांची पाटी कशीबशी टिकवून धरली. त्या ओढाताणींत बालशिक्षणाकडे लक्ष देण्यास उसंत कोणास असणार?

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ या वयाचीं पांच वर्षें एकाच पायरींत धरलीं आहेत, आणि २०२२ सालच्या आराखड्यांत तैत्तिरीयोपनिषदांतील पंचकोशांचा आधार घेतला आहे. आम्हांस तें वाचून आनंद झाला. मात्र पंचकोश छापणें सोपें. मुलाला आपल्या हातानें घास घेऊं देणें कठीण. डब्याच्या वेळीं खिडकीशीं उभ्या राहणाऱ्या आया आम्हीं पाहिल्या आहेत.

आतां ऋतूंविषयीं. वर्गाच्या एका भिंतीवर निळ्या कागदाच्या पट्ट्यांची रांग होती. अंगणांत सरळ अंगाची एक काचेची बाटली ठेवलेली. पाऊस पडला कीं दुसऱ्या दिवशीं मुलें बाटलींतील पाण्याइतकी पट्टी कापून त्या दिवसाच्या जागीं चिकटवीत. पडला नाहीं तर जागा मोकळी. मृगांत चार-पांच चांगल्या लांब पट्ट्या होत्या. आम्ही जाऊं लागलों तेव्हां खंड पडला होता. भिंतीवर मोकळी जागा वाढत चालली. सात दिवस, दहा, पंधरा. मुलांस आकडे येत नव्हते; पण ती जागा तीं हातानें मापीत. एक मुलगा आपला तळहात तीनदां टेकवून म्हणाला, ‘माझ्या काकाची ज्वारी... नाहीं, कपाशी वाळली. आतां पुन्हां पेरणार.’ दुबार पेरणी म्हणजे काय हें त्या दिवशीं वीस मुलांस कळलें. वर्तमानपत्रांत तो शब्द आम्हीं दरसाल वाचीत आलों; परंतु असा भिंतीवर पाहिला नव्हता. श्रावणाच्या उत्तरार्धांत मोठी पट्टी आली तेव्हां मुलांनीं ती चिकटविण्यासाठीं भांडण केलें, आणि बाईंनीं तें भांडण मिटविलें नाहीं. तें पहिल्यानें आम्हांस खटकलें. पण मुलांनींच शेवटीं एकानें डिंक लावावा, दुसऱ्यानें दाबावें, असा तोडगा काढला.

पोळ्यास बैल केले. अर्ध्या मुलांनीं शेतांतली काळी माती घेतली, अर्ध्यांनीं शाडू. काळ्या मातीचे बैल दुसऱ्या दिवशीं तडकले. एकाचे चारही पाय गळून पडले. काळी माती ओली असतां फुगते, वाळतांना आकसते व फुटते; उन्हाळ्यांत शेतास भेगा पडतात त्या याच कारणानें. पाय गळलेल्या बैलाच्या मालकीणबाई फार रडल्या. त्या आमच्याच घरच्या. दुसऱ्या दिवशीं तिनें बसलेला बैल केला. त्यास पायांची अडचण नाहीं!

गणेशोत्सव गेला. नवरात्रांत जें पाहिलें तें मात्र आम्हीं साठ वर्षें घटस्थापना करूनही पाहिलें नव्हतें. बाईंनीं दोन परळांत माती घालून गहूं पेरले. एक फडताळांत, दुसरा खिडकींत. नवव्या दिवशीं फडताळांतले अंकुर उंच पण पिवळे, खिडकींतले ठेंगणे पण हिरवेगार. आमची नात घरीं येऊन देवघरापुढें उभी राहिली आणि म्हणाली, ‘आजोबा, आपल्या देवीला ऊन नाहीं मिळालें.’ घटाचे अंकुर पिवळे कां, हा प्रश्न आमच्या घरांत पूर्वीं कोणीच विचारला नव्हता. दसऱ्यास पाटीपूजन झालें. एकच्या आंकड्यांची सरस्वती तिनें रांगोळीनें काढली, बोटांच्या चिमटीनें, आणि ती घसरली नाहीं.

दिवाळींत मातीचा देवगिरी झाला; अंधारीसाठीं जुन्या नळीचा तुकडा घातला. मार्गशीर्षांत हुरड्याचीं कणसें आणून भाजलीं. संक्रांतीस वर्गांतच बोरनहाण. चुरमुरे, बोरें, उसाचीं कांडीं, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून ओतले, आणि मग वेंचावेंची! ती पाहतांना आमची नजर चेहऱ्यांकडे न जातां बोटांकडेच जाऊं लागली आहे, हें आमच्या ध्यानांत आलें. फाल्गुनापर्यंत तिनें सुईंत दोरा ओवून पारिजातकाच्या बियांची माळ केली. चैत्रांत कडुलिंब फुलला तेव्हां अंगण झाडण्याचें काम वाढलें, तेंही मुलांचेंच.

शेजारचा मुलगा अजून वही दाखवितो. हल्लीं दाखवितांना तो हात झटकतो, असें सूनबाईंच्या लक्षांत आलें. त्याच्या आजोबांशीं बोलावें कीं न बोलावें, याचा निर्णय आमच्याच्यानें होत नाहीं; मुलगा दुसऱ्याचा.

आमच्या नातीस अजून एकही अक्षर लिहितां येत नाहीं. बंधूंनीं पाडव्याच्या दिवशीं तिला श्री काढण्यास सांगितलें. तिनें त्याऐवजीं ताटाभोंवतीं वेल काढली. बंधूंचें मत बदललेलें नाहीं. जून जवळ आला आहे, आणि नव्या वर्षासाठीं बाईंनीं पालकांस सरळ अंगाच्या काचेच्या बरण्या मागितल्या आहेत. लोणच्याची बरणी रिकामी होण्याची आम्ही वाट पाहत आहों. मुरंब्याची एक बंधूंनीं परवां स्वतः घासून उन्हांत पालथी घातली. कशासाठीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं.