वाचनालयाची ग्रंथसूची आणि आयसिस

गंगाखेडाहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पालमसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आपली ग्रंथसूची संगणकावर आणण्याचा ठराव केला, की पहिली सूचना बहुधा एक्सेलची येते. आणि ती अगदीच अव्हेरण्याजोगी नसली, तरी १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या कोणत्याही जुन्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडून, तिच्या रकान्यांत न मावल्यामुळे समासात कोंबलेला मजकूर ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला ती अपुरी वाटल्यावाचून राहत नाही. एका ग्रंथाला एक लेखक असतो, तर दुसऱ्याला दोन संपादक, एक अनुवादक आणि एक प्रस्तावनाकार असतो. एकाचे शीर्षक दोन शब्दांचे, तर दुसऱ्याचे उपशीर्षकासह तीन ओळींचे. या सर्वांना एकाच मापाचा अंगरखा घालण्याचा हट्ट धरला, म्हणजे ‘लेखक १’, ‘लेखक २’, ‘लेखक ३’ असे रकाने वाढत जातात आणि त्यांपैकी बहुतेक रिकामेच राहतात.

ही अडचण ओळखून मुळापासूनच ग्रंथसूचीसाठी रचलेली एक डेटाबेस प्रणाली अस्तित्वात आहे, जिचे नाव आज संगणक-व्यवसायातील बहुतेक तरुणांनी ऐकलेलेही नसेल. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांसाठी तयार केलेली ‘आयसिस’ आणि युनेस्कोची स्वतःची दस्तऐवज-प्रणाली यांच्या संयोगातून ‘सीडीएस/आयसिस’ जन्मली. १९८५ च्या अखेरीस युनेस्कोने तिची लहान संगणकांवर चालणारी आवृत्ती काढली आणि ना-नफा संस्थांना ती विनामूल्य देण्याचे धोरण ठेवले. भारतात तिच्या वितरणाचा व प्रशिक्षणाचा भार १९७७ साली स्थापन झालेल्या ‘निसॅट’ या केंद्र शासनाच्या उपक्रमाने उचलला, आणि तिच्याच पायावर ‘डेसिडॉक’ या संरक्षण-संशोधनाच्या ग्रंथालयीन संस्थेने ‘संजय’ नावाचे सॉफ्टवेअर रचले. (इंटरनेटवर आयसिसचा शोध घेणाऱ्याला पहिल्या काही पानांवर भलत्याच सशस्त्र संघटनेचा वृत्तांत वाचावा लागतो, हा त्या निरुपद्रवी प्रणालीच्या नशिबाचा भाग.)

आयसिसमध्ये प्रत्येक नोंद लागेल तेवढीच जागा व्यापते, प्रत्येक क्षेत्राला नावाऐवजी क्रमांक असतो, आणि तेच क्षेत्र एका नोंदीत हवे तितक्या वेळा येऊ शकते. सॉफ्टवेअरबरोबर नमुन्यादाखल येणाऱ्या ‘सीडीएस’ या डेटाबेसात शीर्षकाचा क्रमांक २४ आणि लेखकाचा ७०. लेखक चार असतील तर ७० चार वेळा, आणि मुळीच नसेल तर त्या क्षेत्राचा मागमूसही नाही. ही सोय किती मोलाची आहे, हे परभणी जिल्ह्याच्या वाङ्मयाची सूची करू लागल्यावर ध्यानात येते. कथा-कादंबऱ्या ‘बी. रघुनाथ’ या नावाने लिहिणाऱ्या आणि कवितेसाठी ‘फुलारी’ झालेल्या भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३) यांना वाचक कोणत्या अक्षराखाली शोधील, याचा भरवसा कोणी द्यावा? गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग नामदेवगाथेच्या आवृत्तीत छापलेले असतील, तर ते पुस्तक केवळ नामदेवांच्या नावावर रुजू करून जनाबाईंना त्यांच्याच परगण्यात अदृश्य करावे काय? लेखकाचे क्षेत्र पुन्हा एकदा भरले, की हा प्रश्न मिटतो.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्याचे काम मात्र, ज्याला ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ दाबत जाण्याची सवय झाली आहे, त्याला काहीसे परके वाटेल. डॉसवरील जुनी आवृत्ती आजच्या ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाही, कारण १६-बिट प्रोग्राम चालविण्याची तजवीजच तीत राहिलेली नाही. त्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचे, आधुनिक संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करणारे विनामूल्य सॉफ्टवेअर आधी बसवावे लागते. त्यानंतर आयसिसचा फोल्डर तयार करून ‘सिसपार’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रोग्राम कोठे, संदेश कोठे, तात्पुरत्या फाइली कोठे आणि डेटाबेस कोठे, याचा पत्ता ओळीओळीने लिहून द्यायचा असतो. एका अक्षराची चूक झाली तरी प्रणाली आपलेच दफ्तर ओळखत नाही. पण ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही वाचता व दुरुस्त करता येते, ही पारदर्शकता मला तरी नव्या सॉफ्टवेअरांच्या गूढ मौनापेक्षा अधिक भावते.

खरी कसोटी देवनागरीची. आयसिस शोधासाठी प्रत्येक शब्दाची अनुक्रमणिका स्वतः तयार करते, परंतु शब्द कोठे संपला हे ती ‘आयसिसएसी’ या कोष्टकावरून ठरविते, ज्यात अक्षर म्हणून मान्य असलेल्या चिन्हांचे संकेतांक दिलेले असतात; त्या यादीत नसलेले प्रत्येक चिन्ह म्हणजे शब्दाची सीमा. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूर येथे उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान कार्डाच्या रूपाने बाजारात आणले, तेव्हा डॉसच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटू लागली खरी. तथापि त्या देवनागरीचे संकेतांक रोमन अक्षरांच्या पलीकडच्या मुलखात असल्यामुळे, ते कोष्टकात एकेक करून भरल्यावाचून वेलांटीपाशी किंवा हलन्तापाशी शब्दाचे तुकडे पडणे अटळ होते. आज ते कार्ड नसलेल्या संगणकावर डॉसची आवृत्ती बसविण्याचे प्रयोजन, जुन्या नोंदी उघडून बाहेर काढणे एवढेच उरते. नव्याने आरंभ करणाऱ्या मराठी वाचनालयाने युनेस्कोच्याच परंपरेतील ‘जे-आयसिस’ घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे: त्यासाठी आधी संगणकावर जावा बसवावी लागते, पण ते युनिकोड जाणते, आणि म्हणून निजामी राजवटीच्या काळापासून मराठवाड्यातील कपाटांत मराठीच्या शेजारी बसलेली उर्दू पुस्तकेही त्यांच्या स्वतःच्या लिपीत त्याच सूचीत नोंदविता येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेली यादी हाताशी असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी.

युनिकोडनेही सर्व काही सुटते असे नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘गोदावरी’, ‘गोदावरीचा’ आणि ‘गोदावरीकाठी’ हे अनुक्रमणिकेत तीन निराळे शब्द ठरतात. जुन्या आयसिसमध्ये शब्दाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दिले असता तिन्ही एकत्र सापडतात. ‘नदी’ आणि ‘नद्यांचे’ यांच्यापुढे मात्र तीही युक्ती हात टेकते, आणि अशा ठिकाणी विषयाच्या क्षेत्रात मूळ शब्द स्वतंत्रपणे लिहिणारा जागरूक ग्रंथपालच उपयोगी पडतो.

अपरिचित सॉफ्टवेअर पत्करण्यात जोखीम आहेच: बिघाड झाला तर तालुक्यातला दुरुस्ती करणारा तरुण खांदे उडवील. म्हणून प्रत्येक महिन्याला सर्व नोंदी ‘आयएसओ २७०९’ या आंतरराष्ट्रीय विनिमय-नमुन्यात निर्यात करून पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. पुढे-मागे कोहासारख्या, न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या मुक्त ग्रंथालय-प्रणालीकडे जावेसे वाटले, तर तिला परिचित असलेल्या ‘मार्क’ पद्धतीत शीर्षक २४ वरून २४५ वर आणि पहिला लेखक ७० वरून १०० वर न्यावा लागेल. कोणता क्रमांक कशासाठी वापरला याचा तक्ता, ज्याने क्षेत्रे ठरविली त्यानेच, नोंदी भरण्यास आरंभ करण्यापूर्वी लिहून काढावा आणि त्याची एक छापील प्रत संगणकाबाहेर, कपाटात ठेवावी.