भिंत कोणाची, चित्र कोणाचं?

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. रस्त्याकडेच्या भिंतीवर कुणी चित्र काढलं, तर ते चित्र कोणाचं? पटकन सुचणारं उत्तर असं, की भिंत ज्याची, चित्र त्याचं. पण पुस्तक विकत घेतलं म्हणून त्यातली कविता आपली होते का? नाही ना? म्हणजे वस्तू वेगळी आणि तिच्यावर उतरलेली निर्मिती वेगळी.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची जुन्या कारखान्याची इमारत होती. मालकाच्या परवानगीनंच चित्रकार तिथे वर्षानुवर्षं भिंती रंगवत. पुढे इमारत पाडायचं ठरलं, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत मालकानं चित्रांवर पांढरा रंग फिरवून घेतला. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये २१ कलावंतांना मिळून ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. आधार होता १९९० चा अमेरिकी कायदा. नीट लक्षात घ्या, इमारत पाडायला कोर्टानं मनाई केली नव्हती. मुद्दा एवढाच, की रंग वाळला म्हणून चित्राशी चित्रकाराचं नातं संपत नाही.

आता याच्या उलट बाजू बघा. ‘ब्लू’ या टोपणनावाचा एक इटालियन चित्रकार आहे. बोलोन्या शहरात रस्त्यावरची चित्रं भिंतींवरून काढून प्रदर्शनात मांडायचा घाट घातला गेला. तेव्हा २०१६ मध्ये त्यानं निषेध म्हणून, मदतनीस घेऊन, त्या शहरातली आपली चित्रं स्वतःच करड्या रंगाखाली झाकली. त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण त्या गल्लीतून रोज जाणाऱ्या माणसाचं काय?

या नात्याला तीन टोकं आहेत: मालक, चित्रकार आणि पाहणारा. कायदा पहिल्या दोघांना ओळखतो. तिसऱ्याला मालकी द्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर कुठलीच भिंत पुन्हा रंगवता येणार नाही. पण मालकी नाही म्हणजे काहीच नातं नाही, असं थोडंच आहे? त्याच अमेरिकी कायद्यात, इजा न होता काढता येईल असं चित्र असेल, तर कलावंताला ९० दिवसांची सूचना द्यावी लागते. तशी सूचना गल्लीलाही का मिळू नये?