हजेरी आणि कृपा

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये राबणाऱ्या खानदेशी कामगाराला एक हिशेब पाठ असतो. जितकी हजेरी, तितका पगार. खाडा पडला की पैसे कापले. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (४:४) नेमका हाच दाखला घेतला आहे. काम करणाऱ्याला मिळते ती त्याच्या हक्काची मजुरी, तिला कृपा म्हणता येत नाही. तारण मात्र पौलाच्या लेखी मजुरी नव्हेच, ते दान आहे.

तारण कमवायचे की दान म्हणून घ्यायचे, मराठी मुलखात हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका जिवाला लावून घेतलेले फार थोडे. लहानपणी आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा झाल्या, उपासतापास झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्माही झाला. तरी मन निवले नाही. धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे, अशी प्रांजळ कबुली त्यांनी १९०७च्या आत्मनिवेदनात दिली आहे. पात्रता नसतानाही क्षमा मिळते, हे उमगायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागली.

क्षमा दानच आहे म्हटल्यावर मग त्यांचे हातपाय गळाले का? मुळीच नाही. १९००च्या दुष्काळात गुजरातेतल्या उपाशी मुलींनाही त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ सालच्या मृत्यूपर्यंत चालवले. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली, ती तिथल्याच मुली-बायकांनी.