सपोर्ट तिकिटं एपीआयने काढताना: फाइल तर तयार झाली, पण तिच्यात काय आलंच नाही?

ग्राहकाने मेल केला, चॅट केलं किंवा फॉर्म भरला, की कंपनीच्या हेल्पडेस्क सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकासहित एक नोंद होते. ती नोंद म्हणजे तिकीट. ग्राहक सेवा, भाषा किंवा मजकूर-वर्गीकरणावर काम करायचं असेल तर अशी तिकिटं म्हणजे खजिनाच. कंपनीने परवानगी दिली, की बहुतेक जण पायथनची वीस ओळींची स्क्रिप्ट लिहितात, ती एरर न देता संपते आणि सीएसव्ही फाइल हातात येते. खरी अडचण इथून पुढे सुरू होते, कारण एरर आली नाही म्हणजे सगळा डेटा आला असं नव्हे.

झेनडेस्कचं उदाहरण घेऊ. तिकिटांची साधी यादी मागितली तर एका पानावर जास्तीत जास्त १०० तिकिटं येतात, म्हणून लूप लावून पुढची पानं मागायची. हे सगळ्यांना माहीत असतं. पण बंद होऊन १२० दिवस झालेली तिकिटं अर्काइव्हमध्ये जातात आणि या साध्या यादीत ती दिसत नाहीत! समजा, तुमचा प्रश्न आहे 'तक्रार सुटायला किती वेळ लागतो?' तर जुनी, सुटलेली तिकिटं गळाली आणि रखडलेली तेवढी राहिली. मग सरासरी काढून काय उपयोग? नमुनाच एका बाजूला झुकलाय. सर्चच्या वाटेने गेलात तर एका शोधाला फक्त पहिले १००० निकाल मिळतात.

म्हणून या कामाला इन्क्रिमेंटल एक्सपोर्ट वापरा, तोही कर्सरवाला. सुरुवातीची वेळ एकदाच द्यायची, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. एका रिक्वेस्टला १००० पर्यंत तिकिटं येतात, सोबत पुढचा कर्सर येतो. तो पुढच्या रिक्वेस्टला जोडायचा आणि 'एंड ऑफ स्ट्रीम' खरं होईपर्यंत चालू ठेवायचं. प्रत्येक कर्सर फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. अर्काइव्हमधली तिकिटंही यात येतात. ही सोय अ‍ॅडमिनलाच असते, त्यामुळे टोकन कंपनीकडूनच घ्यावं लागेल. ते स्क्रिप्टमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. स्क्रिप्ट उद्या गिटहबवर जाणारच आहे.

इथे एक गोम आहे. ही वेळ तिकीट तयार झाल्याची नसून बदलल्याची असते. एप्रिलपासूनचं मागितलं तर जानेवारीत उघडलेलं पण मेमध्ये बदललेलं तिकीटही येईल. काम चालू असताना बदललेलं तिकीट पुन्हा येऊ शकतं, तेव्हा क्रमांक बघून शेवटची प्रत ठेवा. डिलीट केलेली तिकिटंही येतात, ती स्टेटसवरून ओळखून बाजूला काढा. आणि वेळ यूटीसीमध्ये असते. आपल्याकडे १ एप्रिलला पहाटे २ वाजता आलेली तक्रार फाइलमध्ये ३१ मार्चची, रात्री साडेआठची दिसते. महिनावार आलेख काढण्याआधी साडेपाच तास मिळवा.

वेगाची मर्यादा पाळावीच लागते. इन्क्रिमेंटल एक्सपोर्टला एरवी मिनिटाला १० रिक्वेस्ट चालतात. ओलांडल्या की ४२९ येतो आणि किती सेकंद थांबायचं तेही हेडरमध्ये सांगितलेलं असतं. तेवढंच थांबा. ५०,००० तिकिटांना ५० रिक्वेस्ट, म्हणजे पाचेक मिनिटं. संभाषणाचा मजकूर मात्र वेगळा मागावा लागतो. तिकिटागणिक एक रिक्वेस्ट धरली आणि मिनिटाला २०० मिळाल्या, तरी चार तासांहून जास्त. रात्री लावून झोपा.

त्या मजकुरात ग्राहकाला दिसलेली उत्तरं असतात, तशाच कर्मचाऱ्यांनी आपापसात लिहिलेल्या टिपाही. 'पब्लिक' हे फील्ड खोटं असेल तर ती अंतर्गत टीप. दोन्ही मिसळलं, तर ग्राहकाने कधी न वाचलेलं वाक्य तुमच्या प्रबंधात 'ग्राहकाला दिलेलं उत्तर' म्हणून मिरवेल. फोन नंबर, पत्ते, ऑर्डर क्रमांक मजकुरातच पेरलेले असतात; नावाचा कॉलम काढून भागत नाही. मूळ फाइल कुलपात ठेवा, विश्लेषणाला झाकलेली प्रत वापरा.

शेवटी मोजणी. तिकिटांचे क्रमांक चढत्या क्रमाने लावा. अधूनमधून एखादा गाळलेला क्रमांक चालतो, पण सलग हजारभर गायब असतील तर थांबा. महिनावार संख्या काढा आणि कंपनीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यांशी ताडून बघा. फरक उरला तर तो किती आणि कशामुळे, हे कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथलाच येतो.