बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील संस्कृत शिलालेख

तापीकाठचे बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. तेथील काळ्या दगडाची जामा मशीद राजा अलीखान उर्फ आदिलशहा फारुकी याने बांधविली. दर्शनी बाजूस पंधरा कमानी, दोन टोकांस दोन उंच मिनार आणि आत खांबांच्या रांगा, अशी तिची रचना आहे. घुमट मात्र एकही नाही. छताचा सारा भार कमानी व खांब यांनीच पेलला आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी वर न जाता कमानींच्या ओळीवरून शांतपणे पुढे सरकते.

या वास्तूचे खरे वैशिष्ट्य भिंतीवर कोरलेल्या अक्षरांत आहे, असे आम्हांस वाटते. येथील अरबी लेखात हिजरी ९९७, म्हणजे इ. स. १५८८-८९, हे वर्ष आहे. त्याच मशिदीत नागरी लिपीतील संस्कृत लेखही आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो फारुकी घराण्याची वंशावळ सांगतो आणि मितीही देतो: विक्रम संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुक्ल दशमी, सोमवार. ही तारीख ५ जानेवारी १५९० होय.

या कालगणनेत बऱ्हाणपूरचा भूगोल सामावला आहे. विक्रम संवत् हा माळवा-गुजरातचा परिचित शक, तर शालिवाहन शक दक्षिणेचा. संवत्सराचे नावही नर्मदेच्या दक्षिणेस चालणाऱ्या गणनेशी जुळते. उत्तर आणि दक्षिण यांच्या उंबरठ्यावरील या नगराला दोन्हीकडच्या लोकांना समजेल अशी मिती लिहिणे अगत्याचे वाटले असावे.

राजा अलीखान १५९७ मध्ये सोनपेठजवळील लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. पुढे १६०१ मध्ये अकबराने त्याच्या पुत्राकडून असीरगड घेतला, आणि त्या विजयाचा फारसी लेख याच मशिदीवर कोरविला. भिन्नधर्मीय प्रजेविषयीची उदारता या प्रदेशात मोगलांनी आणली, असे मानणाऱ्यांनी या दोन लेखांचा क्रम ध्यानी घ्यावा. संस्कृत लेख अकबराच्या लेखापूर्वी सुमारे अकरा वर्षांचा आहे.

एका लेखावरून राजाचे अंतःकरण सांगता येत नाही, हे खरे. परंतु आपल्या प्रार्थनास्थळात प्रजेच्या विद्येला त्याने जागा दिली, एवढे तो दगड निःसंशय सांगतो. इतिहास शिकविताना आम्हांस तेवढेही थोडे वाटत नाही.